निरोगी माणूस पाहिजे

मी निरोगी आहे याचा लेखी पुरावा मिळवायला मी घराबाहेर पडले होते, असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग माझ्या नवऱ्याकडे बघतात आणि मग विषय बदलतात. हा विषय बदलणं मला चांगलं ओळखता येतं. आमच्या सासूबाईंनी त्याची कलाच करून ठेवली आहे.

सासूबाईंनी ठरवलं होतं की टिल्लीला, म्हणजे आमच्या सव्वादोन वर्षांच्या मुलीला, त्या आपल्या गावी घेऊन जाणार. किती दिवस, ते सांगितलं नाही. 'तुझ्या डोक्याला जरा विश्रांती मिळेपर्यंत' एवढंच म्हणाल्या. त्या भांडता येईल असं कधीच काही बोलत नाहीत, हीच त्यांच्याशी भांडण्यातली मुख्य अडचण आहे. 'तू वाईट आई आहेस' म्हणाल्या असत्या तर मी कंबर कसली असती. पण त्या माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, 'किती गं काळजी करतेस, वाळलीस बघ.' मी वाळलेले नाही. आरसा काय म्हणतो ते मला माहीत आहे.

काळजी करते हे मात्र खरं. द्राक्षाचे मी चार तुकडे करते. दूध तीनदा हुंगते. टिल्ली झोपली की एकदा तिच्या नाकापुढे छोटा आरसा धरून बघते, आणि नेमकं तेच सासूबाईंनी मागच्या भेटीत पाहिलं. पण एक गोष्ट मला स्पष्ट करायची आहे. ही नुसती काळजी नव्हे. काहीतरी होईल असं वाटणं म्हणजे काळजी. ते कोण करणार हेही माहीत असणं म्हणजे संशय. माझा भर दुसऱ्या प्रकारावर आहे, आणि तो प्रकार जास्त शास्त्रीय आहे.

नवऱ्याला मी म्हटलं, तू तुझ्या आईला सांग. तो विमा कंपनीत आहे. दिवसभर लोकांच्या आयुष्यातले धोके मोजतो. घरी आल्यावर त्याला कुठलाच धोका दिसत नाही. तो म्हणाला, आई म्हणतेय तर थोडे दिवस जाऊ दे, तुलाही बरं वाटेल. 'तुलाही' म्हणाला. म्हणजे बरं वाटणाऱ्यांच्या यादीत आधीच कुणीतरी होतं.

अशा मनःस्थितीत मी लिफ्टपाशी उभी असताना तो कागद दिसला. 'निरोगी माणसे पाहिजेत. मानसिक ताणाचा निरोगी व्यक्तींच्या मेंदूतील रसायनांवर काय परिणाम होतो, या अभ्यासासाठी.' खाली प्रयोगशाळेचा फोन नंबर. कागद वरच्या मजल्यावरच्या संशोधक बाईंनी लावला होता. त्या मेंदूवर काम करतात म्हणून अख्खी इमारत त्यांना मेंदूवाली म्हणते. त्या औषधं देणाऱ्या डॉक्टर नाहीत हे त्यांनी सगळ्यांना सांगून झालंय, तरी लोक त्यांना जिन्यात गाठून पुरळ दाखवतात.

माझ्याकडे रसायनशास्त्राची पदवी आहे. तिचा उपयोग मी आजवर फक्त किटलीतला क्षार काढायला केला आहे. पण 'निरोगी' आणि 'मेंदू' हे दोन शब्द एकाच ओळीत बघून माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या अभ्यासात मला घेतलं, की मी निरोगी. विज्ञानानं सांगितलं म्हटल्यावर सासूबाई काय बोलणार?

त्या कागदानं इमारतीत जी खळबळ उडाली, ती पाण्याची टाकी फुटली तेव्हाही उडाली नव्हती. जो तो आपलं नाव द्यायला धावला आणि जो तो नापास होऊन परतला. तळमजल्यावरचे साहेब पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेत. त्यांना रक्तदाबाच्या गोळीवरून नाकारलं. ज्यानं जन्मभर शहराच्या पाण्याचा दाब सांभाळला त्याला स्वतःच्या दाबावरून नापास करतात, असं ते आठवडाभर भेटेल त्याला सांगत होते. आमच्या समोरच्या काकूंनी तर ठरवलं होतं की मेंदूवालीला आपला एकही आजार सांगायचा नाही. पण आजार लपवणं काकूंच्या स्वभावात नाही, काही बायकांना नवीन बांगड्या लपवता येत नाहीत तसं. पाच मिनिटांत त्यांनी अर्धशिशीपासून टाचदुखीपर्यंत सगळं दाखवून टाकलं, वर बहिणीचा थायरॉइडही जोडला.

मी नाव दिलं तेव्हा काकूंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, जाऊ नकोस, तिथे मेंदूतली रसायनं काढून घेतात. मी म्हटलं, काढत नाहीत, मोजतात. त्या म्हणाल्या, आधी मोजतात. खरं सांगायचं तर तो मुद्दा मलाही पटला होता.

पहिली पायरी म्हणजे डॉक्टरचा दाखला. मी नेहमीच्या दवाखान्यात गेले. स्वागतकक्षातल्या बाईंनी विचारलं, तक्रार काय? मी म्हटलं, काही नाही. त्या म्हणाल्या, तक्रारीशिवाय नंबर लागत नाही, काहीतरी सांगा. मी म्हटलं, मला काही होत नाही हीच माझी तक्रार समजा. त्यांनी मान वर करून मला नीट पाहिलं आणि मला सगळ्यात आधी आत सोडलं. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय. मी म्हटलं, काही नाही. त्यांनी सवयीनं विचारलं, कधीपासून? मग त्यांनी नाडी, डोळे, जीभ सगळं बघितलं, आणि आजारी असल्याचा दाखला हवा का म्हणून विचारलं. तो छापील असतो, लगेच मिळतो. बरं असल्याचा दाखला त्यांनी बहुधा पहिल्यांदाच लिहिला. 'तपासणीत विशेष काही आढळले नाही.' मी तिथेच उभी राहून विचारलं, विशेष नाही, म्हणजे किरकोळ काय आढळलं? डॉक्टर म्हणाले, तसं लिहायची पद्धत आहे. मी विचारलं, मग 'काहीच आढळले नाही' असं लिहायची पद्धत का नाही? त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

दुसरी पायरी संमतिपत्र. त्यातलं एक वाक्य मी पाच वेळा वाचलं. 'अभ्यासादरम्यान आपल्याला ताण दिला जाईल अथवा दिला जाणार नाही. आपण कोणत्या गटात आहात हे आधी सांगितले जाणार नाही.' मी मेंदूवालीला जिन्यात गाठलं आणि विचारलं, मी कुठल्या गटात? ती म्हणाली, सांगता येत नाही. मी म्हटलं, म्हणजे तुला माहीत आहे. ती म्हणाली, माहीत असलं तरी सांगता येत नाही. मी विचारलं, ताण देणार म्हणजे नेमकं काय करणार? ती हसली. मेंदूवाली फारशी हसत नाही. त्या हसण्यावर मी दोन दिवस काढले.

तिसरी पायरी सगळ्यात कठीण होती. आदल्या दिवशी ताण घ्यायचा नाही, वादावादी करायची नाही, कॉफी प्यायची नाही. नवऱ्यानं ती सूचना मोठ्यानं वाचली, आणि नेमक्या त्याच दिवशी सासूबाई टिल्लीला न्यायच्या तयारीनं येऊन दाखल झाल्या. दोघांनी मिळून मला ताणमुक्त ठेवायचा विडाच उचलला. मला खुर्चीत बसवलं. स्वयंपाकघरातून काहीतरी फुटल्याचा आवाज आला की नवरा तिथूनच शांत स्वरात सांगायचा, काही झालेलं नाही. काही झालेलं नाही असं कुणी न विचारता सांगावं, याच्याइतकं भयंकर दुसरं काही नसतं. सासूबाई तर माझ्यासमोर कुजबुजत बोलत होत्या, जणू मी शस्त्रक्रियेतून उठले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तेव्हा सासूबाई दारात म्हणाल्या, 'जा निवांत. आणि त्यांनी काही वाईट सांगितलं तरी मनाला लावून घेऊ नकोस, टिल्लीची सोय आहे.' एवढ्या शिदोरीवर मी प्रयोगशाळेत पोचले.

आता मी काय विचार केला होता ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरून घडलं. ताण देणार असतील तर ते 'आता ताण सुरू' असं सांगून थोडेच देणार? रसायनशास्त्रातसुद्धा द्रावणाला सांगून थेंब टाकत नाहीत. म्हणजे आत पाऊल टाकल्यापासून जे जे घडेल ते प्रयोगाचा भाग असू शकतं. माझं काम एवढंच, की कशालाही बधायचं नाही.

प्रतीक्षालयात मला जी खुर्ची दिली तिचा एक पाय आखूड होता. मी मनात म्हटलं, सुरू झालं. भिंतीवरचं घड्याळ बंद होतं. हेही लक्षात आलं. समोर एक गृहस्थ मासिक उघडून बसले होते आणि बराच वेळ पान उलटत नव्हते. मी त्यांच्यावर नजर रोखून मंद हसत राहिले, म्हणजे त्यांना कळावं की मला कळलंय. शेवटी ते उठून दुसऱ्या रांगेत जाऊन बसले. ते माझ्यासारखेच निरोगी माणूस म्हणून आले होते आणि त्यांना वाटलं प्रयोगाचा भाग मी आहे, हे मला खूप नंतर कळलं.

मग एका छोट्या नळीत थुंकायला सांगितलं. ताण आला की शरीरात एक रसायन वाढतं आणि ते थुंकीतही उतरतं, असं तिथल्या बाईंनी समजावलं. माझ्या तोंडाला कोरड पडली होती. बाई म्हणाल्या, घाई नाही, होईल. इतक्या गोड बोलल्या की उरलीसुरली थुंकीही आटली. शेवटी नळीचा तळ कसाबसा ओला केला.

त्यानंतर यंत्राची खोली. मेंदूतली रसायनं मोजणारं ते यंत्र म्हणजे एक मोठा पांढरा बोगदा. त्यात डोकं घालून आडवं व्हायचं. लोखंड चालत नाही म्हणून पिना, बांगड्या, घड्याळ, फोन सगळं बाहेर कपाटात ठेवायला लावलं. डोक्याभोवती चौकट बसवली, कानांवर मोठे हेडफोन लावले आणि हातात एक रबरी फुगा दिला. बाहेर यावंसं वाटलं तर फुगा दाबा, लगेच काढू, असं यंत्र चालवणाऱ्या गृहस्थांनी सांगितलं. ते काचेपलीकडे जाऊन बसले, आणि मग कानात फक्त त्यांचा आवाज उरला. त्यांना सर्दी झाली होती. निदान तसं दाखवत होते.

फुगा दाबायचा नाही, हे मी तिथेच ठरवलं. फुगा दाबला की टिल्ली गेली.

डोळ्यांपुढच्या पडद्यावर चित्रं यायला लागली. तळं. मग डोंगर. मग दुसरं तळं. मग सोपी सोपी बेरीज. मी घामाघूम झाले. कुणी सुशिक्षित माणसाला उगीच तळं दाखवेल का? काहीतरी पाण्यातून वर येणार, एवढं नक्की होतं. फक्त कुठल्या तळ्यातून ते सांगता येत नव्हतं. प्रत्येक तळ्याचा मी कोपरान् कोपरा तपासला. एका तळ्याच्या काठी बदक होतं, त्याच्यावर तर मी क्षणभरही विश्वास ठेवला नाही.

आणि मग आवाज आला. सर्दीवाले गृहस्थ म्हणाले, 'बाई, तुमच्या घरून निरोप आहे. तुमचे मिस्टर आणि सासूबाई बाल्कनीत अडकलेत. मुलीनं आतून कडी लावली. ती घरात एकटीच आहे.'

मला काय वाटलं असेल? सुटल्यासारखं वाटलं. अक्षरशः हायसं वाटलं. सकाळपासून मी ज्याची वाट बघत होते ते शेवटी आलं होतं. बदकावरची नजर काढली, हातपाय सैल सोडले आणि मनातल्या मनात त्या लोकांना दाद दिली. मुलीचं नाव घेतलं की आई फुगा दाबणार, असा साधा हिशोब. पण त्यांनी घरचा अभ्यास केला नव्हता. आमच्या सासूबाई बाल्कनीत जातच नाहीत; त्यांना उंचीवरून गरगरतं.

गृहस्थांनी विचारलं, बाहेर काढू का? मी म्हटलं, नको. त्यांनी पुन्हा विचारलं, मग त्यांना काय सांगू? मी अत्यंत शांत आवाजात म्हटलं, 'सांगा, कल्पना छान आहे. पण सासूबाईंना बाल्कनीत घालायला नको होतं, तिथे फसलं. चालू द्या.'

थोड्या वेळानं दुसरा निरोप आला. मुलगी रडत नाहीये, सोफ्यावर बसून बिस्किटं खातेय. आता तर माझी खात्रीच पटली. बिस्किटांचा डबा आमच्याकडे सगळ्यात वरच्या फळीवर असतो. मी त्यांना त्याही निरोपाबद्दल धन्यवाद दिले आणि पुढचं तळं दाखवा म्हटलं.

किती वेळ गेला ठाऊक नाही. एकदम यंत्र थांबलं, मला खसकन बाहेर ओढलं गेलं आणि समोर मेंदूवाली उभी होती. म्हणाली, 'अगं तू इथे काय करतेयस? घरी जा. ते खरं आहे.'

मी म्हटलं, 'असं तर तू म्हणणारच.'

मग ती एका दमात बोलत सुटली. घरच्या माणसांच्या नावानं कुणाला घाबरवायची त्यांना परवानगीच नाही. ताणाच्या गटातल्या लोकांना फक्त अनोळखी माणसांपुढे भाषण करायला आणि अवघड वजाबाक्या करायला लावतात. आणि मी मुळात त्या गटात नव्हतेच. मी दुसऱ्या गटात होते, शांत बसवायच्या. मला नुसती तळी दाखवायची होती. तरीही मी तिच्याकडे बघून मंद हसत होते. मग माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. चौकटीचा खटका ती तिसऱ्यांदा उलट्याच बाजूला ओढत होती. मेंदूवालीला अभिनय येत नाही. कुणाचं बाळ गोड आहे असंसुद्धा तिला खोटं म्हणता येत नाही. सगळी इमारत त्यावरून तिच्यावर नाराज आहे.

त्यानंतर मी कपाट कसं उघडलं, बांगड्या घेतल्या की तिथेच राहिल्या, काही आठवत नाही. जिन्यावरून धावताना मागून थुंकीवाल्या बाई नळी घेऊन धावत आल्या. एक नमुना राहिला होता म्हणे. मी ती हिसकावून घेतली आणि टॅक्सीत भरली. टॅक्सीवाल्यानं आरशातून एकदाच पाहिलं आणि मग घरापर्यंत पुन्हा मागे पाहिलं नाही.

घरी काय झालं होतं ते आता ऐका. माझ्या अनुपस्थितीत नवऱ्यानं चादर धुतली होती. ती पिळायला दुसरं टोक धरणारं कुणीतरी हवं, म्हणून जन्मात पहिल्यांदा सासूबाई कठड्याकडे पाठ करून बाल्कनीत गेल्या. टिल्लीनं पाहिलं, बाल्कनीचं दार उघडं आहे. ते उघडं दिसलं की ओढायचं आणि खालची कडी घालायची, ही शिस्त तिला कुणी लावली? मीच. रोज, टाळ्या वाजवून. तिनं दार ओढलं, कडी घातली, टाळ्या वाजवल्या आणि वडिलांचा फोन घेऊन सोफ्यावर बसली. बिस्किटांचा डबा आदल्या दिवशी घरात शांतता राहावी म्हणून सासूबाईंनीच खाली काढून ठेवला होता.

नवऱ्यानं काचेतून कडी उघडायची खूण करून दाखवली. टिल्लीनं तशीच खूण त्याला करून दाखवली. त्यानं दोन्ही हातांनी केली, तिनंही दोन्ही हातांनी केली. हा खेळ तिला फार आवडला. खाली माणसं जमली. काकूंनी मागे एकदा आमच्या घरात न येता आमच्या नव्या पडद्यांचा रंग अचूक सांगितला होता, तेव्हापासून त्यांच्याकडची जादा किल्ली मी परत घेतली होती आणि दाराला आणखी एक कुलूप बसवलं होतं. त्यामुळे किल्ल्या दोनच. एक माझ्याजवळ, दुसरी आत टिल्लीजवळ. खाली लोकांनी एक चादर ताणून धरली होती, पण तीत उडी कुणी मारायची यावर एकमत होत नव्हतं. साहेबांनी सगळी सूत्रं हाती घेतली, लिफ्टजवळच्या कागदावरचा नंबर फिरवला आणि माझं उत्तर आलं तसं, शब्दही न बदलता, अख्ख्या इमारतीसमोर वर ओरडून सांगितलं: सूनबाई म्हणतात कल्पना छान आहे, चालू द्या.

मी दार उघडलं तेव्हा टिल्ली सोफ्यावर मजेत होती. मी तिला उचललं, तिची बोटं मोजली, नाक पाहिलं, तोंड उघडून घसा पाहिला. ती काचेकडे बोट दाखवून म्हणाली, 'आजी.' तेव्हा कुठे मला आठवलं की आणखी एक दार उघडायचं राहिलंय.

सासूबाई आत आल्या. उन्हानं लालबुंद झाल्या होत्या आणि हातात अजून चादरीचं टोक होतं. त्यांनी मला ओरडावं, असं मला मनापासून वाटत होतं. त्या नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, 'कल्पना छान आहे म्हणालीस?'

मी समजवायला गेले. जितकं समजावलं तितकं ते वाईट ऐकू यायला लागलं. मला वाटलं खोटं आहे. मला वाटलं माझी परीक्षा घेतायत. मला शांत राहायचं होतं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग नवऱ्याला म्हणाल्या, 'मला वाटायचं ही फार घाबरते. पोर एकटी घरात कोंडली तर ही तळी बघत पडली. मला आता हिला इथे ठेवायची जास्त भीती वाटते.'

म्हणजे बघा. टिल्लीला आधी नेणार होत्या ते मी फार काळजी करते म्हणून. आता नेणार ते मी काळजी करत नाही म्हणून. ज्या शांतपणासाठी एवढी खटपट केली तो मिळाला, आणि तोच माझ्या गळ्याशी आला. नवऱ्यानं मध्ये पडून म्हटलं, अगं आई, तसं नाही. कसं ते त्याला सांगता आलं नाही. नशीब एवढंच की चादर पिळताना सासूबाईंची कंबर धरली होती, त्यामुळे प्रवास चार दिवस लांबला. ते चार दिवस त्या टिल्लीकडे आणि मी त्यांच्याकडे बघत काढले. टिल्ली कुठल्याही दाराजवळ गेली की सासूबाई आधी स्वतः दाराच्या आतल्या बाजूला येऊन उभ्या राहत, हे मी टिपून ठेवलं.

शेवटी मी मेंदूवालीच्या दारात गेले. एकेका माणसाचा निकाल देत नसतात, असं ती म्हणाली. मी म्हटलं, माझी मुलगी चाललीय. ती संध्याकाळी आमच्याकडे आली आणि आधी मला एकटीला स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. प्रतीक्षालयातल्या नळीतच माझं रसायन इतकं होतं की त्यांना वाटलं नळी बदलली. भाषणं करायला लावलेल्या लोकांचंसुद्धा तेवढं चढलं नव्हतं. यंत्रातही तळ्यांच्या वेळी मेंदूत नुसती दिवाळी चालली होती. आणि निरोप आल्यावर? ती अडखळली. निरोप आल्यावर ते उतरायला लागलं. टॅक्सीतली नळी तर दिवसातली सगळ्यात शांत. ते रसायन चढायला वेळ लागतो, ती म्हणाली. भीती आधी येते, थुंकीत ती मागाहून उतरते. म्हणजे टॅक्सीत मी मोठ्यानं रडत होते तेव्हा विज्ञानाच्या लेखी मी तळ्याकाठी बसले होते.

मी तिला म्हटलं, बाहेर जाऊन फक्त पहिलं सांग, दुसरं सांगू नकोस. ती म्हणाली, मी खोटं बोलणार नाही. मी म्हटलं, खोटं बोलू नकोस, थोडंच बोल.

आम्ही बाहेर आलो. सासूबाई सोफ्यावर कंबरेला उशी लावून बसल्या होत्या. त्यांनी सरळ विचारलं, 'आम्ही बाल्कनीत होतो तेव्हा हिच्या डोक्यात काय चाललं होतं?'

मेंदूवालीनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. ती म्हणाली, 'त्या दिवशी आलेल्या सगळ्यांत जास्त ताण हिलाच होता.'

'बाल्कनीचं कळल्यावर?'

'नाही. सकाळपासूनच.'

सासूबाई सावरून बसल्या. 'सकाळपासून? पण आम्ही तर दुपारी अडकलो.'

'हो,' मेंदूवाली म्हणाली, 'काही घडायच्या कितीतरी आधीपासून.'

सासूबाईंनी हळूच नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, 'म्हणजे हिला सकाळीच कळलं होतं.'

मेंदूवालीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. बिचारीनं तोंड उघडलं, तसं शास्त्रीयदृष्ट्या म्हणता येणार नाही एवढं ती म्हणतही होती, पण नवऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर एक गोष्ट केली. तिच्या हातात चहाचा कप दिला. सासूबाई तोवर पुढे गेल्या होत्या. आईचं मन असतंच तसं, यंत्रात सापडलं म्हणून आता लोकांना पटेल, त्या म्हणाल्या. घरी काहीतरी होणार हे हिच्या डोक्याला आधीच लागलेलं होतं, निरोप आला तेव्हा नवं असं काय उरलं होतं? म्हणून ही तशी बोलली. असल्या आईपासून पोर लांब नेणं बरं नव्हे. टिल्ली इथेच राहू दे.

काकू दाराबाहेर होत्याच. त्यांनी तेवढंच ऐकलं आणि जिन्यानं खाली गेल्या. संध्याकाळ संपेपर्यंत इमारतीतल्या तीन बायका आपापल्या मुलांच्या परीक्षेचं काय होईल ते विचारायला माझ्याकडे येऊन गेल्या.

मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण सगळे उठून गेल्यावर मी टिल्लीला मांडीवर घेऊन बसले आणि विचार करायला लागले. सासूबाई म्हणजे पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई. बाजारात वजनाचा काटा स्वतः तपासणारी. ती एवढ्या पटकन हे मानते? का, काचेपलीकडून टिल्ली टाळ्या वाजवत होती तेव्हाच त्यांनी ठरवून टाकलं होतं, की हिला घेऊन आपण एकट्या राहायचं नाही, आणि फक्त मानानं माघार घ्यायला वाट शोधत होत्या?

न राहवून मी त्यांना विचारलं, 'आई, तुम्हाला खरंच पटलं?'

त्या चष्मा पुसत होत्या. पुसून झाला, डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे नीट बघत म्हणाल्या, 'का गं, तुला नाही पटलं?'

मी म्हटलं, पटलं. मग आम्ही दोघी बराच वेळ एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसलो, आधी कोण हसतंय त्यावर लक्ष ठेवून.